अकरावा रकाना

अर्जात एकूण सतरा रकाने होते. पहिले दहा मी आणि माझ्या विद्यार्थिनीनं एका दुपारीत भरून टाकले आणि अकराव्यापाशी अडलो. ‘प्रस्तावित संशोधनाची समाजोपयोगिता, शंभर शब्दांत.’

विषय कालवांचा होता. कोकणात ओहोटीला खडकांवर उकिडव्या बसून बायका कालवं काढतात. कालवाचे दोन्ही शिंपले आतल्या एका स्नायूनं असे मिटलेले असतात की नुसत्या बोटांनी ते उघडत नाहीत. फटीतून सुरीचं टोक घालून तो स्नायू कापला की सगळं एकदम सैल पडतं. हा स्नायू तासन्‌तास आवळून राहतो आणि त्यापायी जवळपास काहीच खर्चत नाही. भरलेली बादली हात लांब करून आपण दोन मिनिटं धरली तरी दंड थरथरायला लागतो; कालव दमत नाही. ते का दमत नाही याचं बरंचसं उत्तर आज शास्त्राकडे आहे, पुरतं नाही. माझ्या विद्यार्थिनीची आजी कालवं काढायची. पहिला मोठा पाऊस झाला की खाडीतली कालवं ‘ढिली’ पडतात, असं आजीचं म्हणणं. पाणी गोडं झाल्यावर त्या आवळण्याचं नेमकं काय होतं, एवढंच नातीला बघायचं होतं.

प्रस्ताव परत आला. शेरा होता : समाजोपयोगिता स्पष्ट होत नाही. पुढच्या वर्षी तेच प्रयोग, तेच बजेट, फक्त शीर्षकात ‘किनारपट्टीतील महिलांची उपजीविका’ घालून आम्ही तो पुन्हा पाठवला आणि तो मंजूर झाला. त्यातून एकाही बाईची उपजीविका सुधारणार नव्हती. हे आम्हाला माहीत होतं आणि मंजूर करणाऱ्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. पहिला हप्ता आला तेव्हा दसरा उलटून गेला होता आणि खाडीचं पाणी पुन्हा खारं झालं होतं, ती वेगळी कथा.

मूलभूत संशोधनाच्या अर्जातून हा अकरावा रकाना काढून टाकावा, असं माझं म्हणणं आहे. शब्दमर्यादा कमी करून किंवा गुण कमी ठेवून भागणार नाही. काढावाच.

‘उपयोग काय?’ हा प्रश्नच गैर आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात पीएचडी करणारी मुलं काय दिवे लावणार, असा सवाल सरकारच्या बाजूनं आला आणि बराच गदारोळ झाला. मला त्या सवालाचा राग आला नाही. तो आपल्या घराघरांत विचारला जातो. माझ्या वडिलांनी मला विचारला होता, आणि तेव्हा माझ्या हातात बेडूक होता. पैसा लोकांचा आहे, लोकांनी विचारावंच. फक्त तो ज्याला विचारला जातो त्याच्याकडे उत्तर नसतं. नसलेलं उत्तर शंभर शब्दांत मागितलं की माणूस ते तयार करतो, आणि दोनतीनदा तयार केलं की त्याला त्याची सवय लागते.

स्नायूंवरच्या संशोधनाचं उदाहरण घेतो. एक तर मी जन्मभर तेच शिकवलं. दुसरं म्हणजे इथे दीडशे वर्षांचा हिशेब मांडता येतो : पैसा कुठे गेला, काय सापडलं आणि ते कुणाच्या कामी आलं.

आमच्या वेळी प्राणिशास्त्राच्या प्रॅक्टिकलला कायमोग्राफ असायचा. पितळी ड्रमवर गुळगुळीत कागद चिकटवायचा, रॉकेलच्या धुरकट ज्योतीवर ड्रम फिरवून त्यावर काजळी धरायची, मग बेडकाच्या पोटरीचा स्नायू त्याच्या मज्जातंतूसकट काढून एका टोकाला अडकवायचा आणि दुसऱ्या टोकाला तरफ. विजेचा हलका झटका दिला की स्नायू आखडे आणि तरफेचं टोक काजळीत पांढरी रेघ ओढे. चढ, माथा, उतार. सेकंदाच्या दहाव्या भागात सगळा खेळ. झटके भराभर दिले तर रेघा एकमेकींत मिसळून वर एक सपाट पठार तयार व्हायचं. तो कागद लाखेच्या व्हार्निशमधून काढून दोरीवर वाळत घातला की जर्नलला चिकटवायला मोकळे. आज ही प्रात्यक्षिकं बंद झाली आहेत आणि बेडकांच्या बाजूनं पाहिलं तर बरंच झालं.

या सगळ्यात टेबलावर एक ड्रॉपरची बाटली असायची, ‘रिंगर’ लिहिलेली. स्नायू सुकू नये म्हणून दर मिनिटाला दोन थेंब टाकायचे. त्या बाटलीवरचं नाव एका माणसाचं आहे, हे मला एम.एस्सी. होईपर्यंत माहीत नव्हतं.

सिडनी रिंगर हा लंडनचा डॉक्टर. दिवसभर रुग्ण बघायचा आणि उरलेल्या वेळात बेडकाचं काढलेलं हृदय मिठाच्या पाण्यात ठेवून ते किती वेळ धडधडतं ते बघायचा. १८८२ मध्ये त्यानं लिहिलं की साध्या मिठाच्या द्रावणात हृदय छान चालतं. पुढे तेच करायला गेला तर हृदय थोड्याच वेळात बंद पडू लागलं. शोध घेतल्यावर उलगडा झाला : आधीचं द्रावण शुद्ध केलेल्या पाण्यात नव्हे, नळाच्या पाण्यात बनवलेलं होतं. न्यू रिव्हर वॉटर कंपनी लंडनला जे पाणी पुरवायची त्यात कॅल्शियम होतं. १८८३ मध्ये त्यानं आपलं आधीचं म्हणणं दुरुस्त करून छापलं. स्नायूला आखडायला कॅल्शियम लागतं ही गोष्ट जगाला अशी कळली, नळाच्या पाण्यामुळे.

त्या द्रावणात पुढे १९३० च्या सुमारास अमेरिकेतल्या अलेक्सिस हार्टमन या बालरोगतज्ज्ञानं लॅक्टेट घातलं. रिंगर लॅक्टेट, म्हणजे आपल्या वॉर्डातलं ‘आरएल’. जुलाबानं गळालेलं पोर असो, बाळंतपणात रक्त गेलेली बाई असो की डेंग्यूचा रुग्ण, सिस्टर हाक मारते ती ‘आरएल लाव’ अशीच. रिंगरला अकरावा रकाना भरायला लावला असता तर त्यानं काय लिहिलं असतं? बेडकाचं हृदय चार तास चालवल्यानं समाजाला होणारा फायदा?

दुसरा माणूस इंग्लंडचा आर्चिबाल्ड हिल, आणि हा मला जास्त आवडतो. हिल बेडकाच्या स्नायूची उष्णता मोजायचा. स्नायू एकदा आखडला की तो किंचित तापतो. किंचित म्हणजे सुमारे ०.००३ अंश सेल्सिअस. हे तापणं पकडायला त्यानं उपकरणं स्वतः घडवली आणि उष्णता आखडताना किती निघते, नंतर किती निघते याचा ताळा मांडला. त्याला आणि ऑटो मायरहोफला १९२२ चं नोबेल मिळालं. अमेरिकेत एका व्याख्यानानंतर कुणीतरी त्याला या सगळ्याचा उपयोग विचारला, तेव्हा उपयोगासाठी नाही, मजा येते म्हणून करतो, अशा अर्थाचं उत्तर त्यानं दिल्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. आपल्याकडे एखाद्या कमिटीसमोर असं बोलून बघा.

आणि नोबेल मिळालेलं ते चित्र अर्धं चुकीचं निघालं. त्या वेळचा समज असा होता की लॅक्टिक ॲसिड तयार होतं म्हणून स्नायू आखडतो. १९३० मध्ये कोपनहेगनमध्ये आइनार लुंड्सगार्ड दुसऱ्याच एका कारणासाठी प्राण्यांना आयोडोॲसिटिक ॲसिड टोचून बघत होता. त्यानं लॅक्टिक ॲसिड बनणंच थांबतं, आणि तरी त्या प्राण्यांचे स्नायू आखडत होते. हिलनं ते मान्य केलं. नुसतं मान्य केलं नाही, १९३२ मध्ये ‘स्नायूशास्त्रातली क्रांती’ अशा मथळ्याचा लेख स्वतः लिहून आपलीच इमारत कशी पडली ते सांगितलं. गंमत म्हणजे हिलनं नव्वद वर्षांपूर्वी सोडलेली लॅक्टिक ॲसिडची कथा आपल्या जिममध्ये अजून जिवंत आहे. राजगड उतरून आल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात ते ‘लॅक्टिक जमल्यामुळे’ असं ट्रेनर छातीठोक सांगतो. लॅक्टिक ॲसिड तासाभरात निघून गेलेलं असतं. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीर तोलून धरतो, त्यात त्याच्या आतल्या बारीक रचनेला इजा होते. म्हणून गड चढण्यापेक्षा उतरणं दुसऱ्या दिवशी जास्त दुखतं.

हा हिल १९४३-४४ च्या हिवाळ्यात भारतात होता. सरकारनं त्याला इथल्या विज्ञान संशोधनाची घडी कशी बसवावी हे विचारायला बोलावलं होतं. बंगालमध्ये माणसं उपासमारीनं मरत होती तेव्हाची ही गोष्ट. त्यानं देशभर फिरून अहवाल दिला, त्यात एका मोठ्या अखिल भारतीय वैद्यकीय केंद्राची शिफारस होती. १९५६ मध्ये दिल्लीत एम्स उभं राहिलं त्यामागच्या कागदपत्रांत हा अहवालही आहे. मजा येते म्हणून बेडकाची उष्णता मोजणाऱ्या माणसाचा सल्ला एका भुकेल्या देशानं घेतला, आणि त्याला देशाची भूक दिसली नाही असं कुणी म्हटल्याचं मला आठवत नाही.

तिसरा आपला. यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचा, १९२३ मध्ये बॉस्टनला पोहोचला आणि पोटासाठी इस्पितळात रात्रपाळीची हलकी कामं करू लागला. हार्वर्डमध्ये सायरस फिस्कबरोबर त्यानं रक्तातला फॉस्फरस मोजायची पद्धत बसवली : ठरावीक रसायनं टाकायची, निळा रंग येतो, रंग जितका गडद तितका फॉस्फरस जास्त. ही पद्धत त्या दोघांच्या नावानं बायोकेमिस्ट्रीच्या पोरांना अजून करावी लागते. तीच पद्धत स्नायूच्या अर्काला लावली तर रंग यायला उशीर होऊ लागला. यायचा, पण हळूहळू गडद होत जायचा. दुसऱ्या कुणी घाईत ‘नमुना खराब’ लिहून पुढे गेला असता. या दोघांनी त्या उशिराचाच पाठलाग केला. उशीर का, तर फॉस्फरस कशात तरी सैलसर बांधलेला होता आणि परीक्षानळीतच हळूहळू सुटत होता. १९२७ मध्ये तो पदार्थ हाती लागला, फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे क्रिएटिनला बांधलेला फॉस्फरस. दोन वर्षांनी त्याच हातांनी एटीपी वेगळं केलं. त्याच सुमारास जर्मनीत कार्ल लोमाननंही केलं. एटीपी म्हणजे शरीराचं रोख चलन. आज तालुक्याच्या गावातल्या जिमच्या काउंटरवर क्रिएटिनचा डबा दिसतो, त्याचा उगम त्या उशिरा आलेल्या निळ्या रंगात आहे.

हार्वर्डनं सुब्बारावांना कायम केलं नाही. ते औषध कंपनीत गेले आणि तिथे त्यांच्या चमूतून हत्तीरोगावरचं डीईसी हे औषध निघालं. विदर्भात मोहिमेच्या दिवशी आशाताई समोर उभं राहून ज्या गोळ्या गिळायला लावतात, त्यांतलं. यातलं उपयोगी कुठलं आणि निरुपयोगी कुठलं, हे १९२७ मध्ये बसून कुणी सांगावं?

एवढं होऊनही स्नायू आखडतो म्हणजे आत नेमकं काय होतं, हे कुणाला माहीत नव्हतं. बहुतेकांना वाटायचं, आतले लांब रेणू गुंडाळी होऊन आखूड होत असतील. २२ मे १९५४ च्या ‘नेचर’मध्ये पाठोपाठच्या पानांवर दोन लेख आले. एक अँड्र्यू हक्सली आणि रोल्फ निडरगर्के यांचा, दुसरा ह्यू हक्सली आणि जीन हॅन्सन यांचा. दोन्ही हक्सलींचं आडनाव एक, नातं काही नाही. दोघांचंही म्हणणं एकच : आत काहीच आखूड होत नाही. जाड आणि बारीक अशा दोन प्रकारचे तंतू आहेत आणि ते एकमेकांत सरकतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत घालावीत तसे.

सरकवतं कोण, ते मी वर्गात विहिरीवरून सांगायचो. पोहरा वर ओढताना एक हात दोर धरतो, खेचतो, सोडतो, वर जाऊन पुन्हा धरतो. जाड तंतूवर मायोसिन नावाच्या प्रथिनाचे असे शेकडो हात असतात आणि बारीक तंतू म्हणजे दोर. एका ओढीत दोर सरकतो तो मिलिमीटरच्या लाखाव्या हिश्शाएवढा. यातली खरी मजेची गोष्ट अशी की एटीपी लागतं ते हात सुटण्यासाठी. एटीपी मिळालं की हात दोर सोडतो, आणि ते मोडून पुढच्या ओढीसाठी ताठ होतो. एटीपी संपलं तर हात धरलेलेच राहतात. घरात कुणी गेलं की म्हातारी माणसं घाई करतात, डोळे मिटा, हातपाय सरळ करा, पायाचे अंगठे बांधा, नंतर अंग ताठतं. ते ताठणं हेच. कोट्यवधी हात दोर धरून बसलेले आणि सोडायला चलन नाही. हे सांगितलं की वर्ग गप्प व्हायचा, कारण प्रत्येकानं ते कधी ना कधी पाहिलेलं असायचं.

मग हे हात हवं तेव्हाच कसे धरतात? टोकियोत सेत्सुरो एबाशी रिंगरच्या कॅल्शियमकडे परत गेले. एवढं गुंतागुंतीचं काम एक साधा धातूचा आयन चालवत असेल हे त्या वेळी पुष्कळांना पटत नव्हतं. एबाशी आणि आयाको कोदामा यांनी १९६५ मध्ये बारीक तंतूवर बसलेलं, कॅल्शियम आलं की वाट मोकळी करणारं प्रथिन दाखवलं, ट्रोपोनिन.

ट्रोपोनिन हा शब्द आता आपल्याकडे कुणाला समजावून सांगावा लागत नाही. मागच्या वर्षी आमच्या शेजारच्या काकांना रात्री दीड वाजता छातीत जळजळ म्हणून नेलं. ईसीजीत काही ठरेना. ‘ट्रॉप करून घेऊ,’ तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बोटाएवढ्या प्लास्टिकच्या पट्टीवर रक्ताचे थेंब, पंधरा-वीस मिनिटांची वाट, आणि दुसरी फिकट रेघ उमटली. हृदयाच्या स्नायूतलं ट्रोपोनिन हातापायाच्या स्नायूतल्यापेक्षा थोडं वेगळं असतं. ते रक्तात वाढलेलं दिसलं म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे. काकूंना मुलाला फोन करायचा होता आणि त्या मला विचारत होत्या, ‘भाऊजी, एक रेघ चांगली की दोन?’ या पट्टीला लागणाऱ्या चाचण्या १९८० च्या दशकाच्या शेवटी झाल्या, आणि हृदयविकाराच्या झटक्याचं निदान ट्रोपोनिनवर करायचं हे २००० साली ठरलं. एबाशींच्या कामानंतर पस्तीस वर्षं. तीन वर्षांच्या प्रकल्पाच्या अकराव्या रकान्यात पस्तीस वर्षं कशी बसवायची?

यावर माझा एक जुना मित्र, सरकारी नोकरीत वित्त विभागात आयुष्य गेलेला, म्हणतो : तू विजेत्या लॉटरीची तिकिटं दाखवतोस. बाकीच्या बेडकांचं काय? त्याचं बरोबर आहे. रिंगरच्या काळात आणखी शेकडो लोक बेडूक कापत होते आणि त्यांच्या कामातून काही निघालं नाही. पण मग त्याच्याच म्हणण्यावरून असं होतं की कुठलं तिकीट लागणार ते आधी कळत नाही. अकरावा रकाना नेमकं तेच ओळखायचा दावा करतो. तो चांगली तिकिटं निवडत नाही, चांगलं लिहिणारे निवडतो.

त्याचा दुसरा मुद्दा जड आहे. आरोग्यकेंद्रात सापाच्या विषावरची लस नसते, तिथे कालवांच्या स्नायूवर पैसे घालायचे? श्रीमंत देशांना शोध लावू द्या, ते छापतातच, आपण वाचू आणि वापरू. रिंगर, हिल, एबाशी यांनी आपल्याकडे बिल पाठवलं का?

नाही पाठवलं. पण दिवस बदलले आहेत. ज्या मायोसिनच्या हातांबद्दल वर लिहिलं, त्यांचा जोर कमी करणारं मावाकॅम्टेन नावाचं औषध एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. हृदयाचा स्नायू जाड होत जाण्याच्या आनुवंशिक आजारावर ते देतात. त्याच्या मागे जेम्स स्पुडिच यांचं काम आहे, आणि त्या कामातला एक टप्पा १९८३ चा : तळ्यात उगवणाऱ्या नायटेला या शेवाळाची पेशी चिरून तिच्यातल्या तंतूंवर मायोसिन लावलेले बारीक मणी चालताना त्यांनी आणि मायकेल शीट्झ यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. शेवाळावर मणी. औषध आलं तेव्हा त्याची अमेरिकेतली छापील किंमत होती वर्षाला ८९,५०० डॉलर, म्हणजे साठ-सत्तर लाख रुपये. आपण वाचू आणि वापरू, यातलं वाचणं अजून फुकट आहे.

आणि काही प्रश्न असे असतात की ते आपल्याशिवाय दुसरं कुणी विचारणारच नाही. १९७० च्या सुमारास इंग्लंडमध्ये मायोसिन शुद्ध करताना त्यात एक प्रथिन चिकाटीनं मागे राहायचं. तो मळ समजून टाकून न देता जेराल्ड ऑफर आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास केला आणि त्याला ‘सी प्रथिन’ म्हटलं. मायोसिनच्या हातांना आवर घालणारं हे प्रथिन आहे. २००९ मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवर काम करणाऱ्या संस्थेतल्या संशोधकांसह एका गटानं दाखवलं की हृदयातल्या याच प्रथिनाच्या जनुकातून २५ अक्षरं गळालेली माणसं भारतात सुमारे ४ टक्के आहेत, आणि त्यांना हृदयाच्या स्नायूच्या आजाराचा धोका जास्त आहे. चार टक्के, म्हणजे भरलेल्या एसटीत दोन जण. असलेल्या प्रत्येकाला आजार होतो असं नाही, कुणाला आणि का होतो हे अजून उलगडायचं आहे. हा बदल दक्षिण आशियाबाहेर फारसा आढळत नाही. बॉस्टन किंवा टोकियोतल्या प्रयोगशाळेनं त्यापायी पंचवीस वर्षं का घालवावीत?

तो प्रश्न विचारता येण्यासाठी इथे स्नायू ओळखणारी माणसं असावी लागतात, आणि ती निरुपयोगी दिसणाऱ्या कामातूनच तयार होतात. के. विजयराघवन यांनी बंगळुरूत वर्षानुवर्षं फळमाशीचे स्नायू कसे घडतात याचा अभ्यास केला. कोविडच्या काळात देशाचे प्रधान वैज्ञानिक सल्लागार तेच होते.

पैशाचं बोलायचं तर संशोधन आणि विकास मिळून देशाचा खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के होता, २०२०-२१ चा आकडा. २०२३ मध्ये नवीन राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, पाच वर्षांत ५०,००० कोटी म्हणून, पण त्यातला मोठा हिस्सा सरकारबाहेरून यायचा आहे. २०२५ मध्ये एक लाख कोटींचा निधी आला तो बाजाराजवळ पोहोचलेल्या तंत्रज्ञानासाठी. मला त्याचा मत्सर नाही. तिथे ‘उपयोग काय’ हा प्रश्न पहिल्या पानावर हवा आणि चोख विचारायला हवा. पण तोच प्रश्न आहे तसा उचलून कालवांच्या अर्जावर चिकटवला की दोन्ही कामं बिघडतात.

रकाना काढला तर भुसा वाढेल, ही भीती खोटी नाही. आपल्याकडे बढतीसाठी छापलेल्या, पैसे घेऊन छापणाऱ्या जर्नलांतल्या संशोधनाचे ढीग आहेत आणि त्यात आम्हा प्राध्यापकांचा वाटा मोठा आहे. पण तो भुसा रकाना असताना जमला. उलट मी परीक्षक म्हणून जेवढे अर्ज वाचले त्यात सगळ्यात पोकळ अर्जाचा अकरावा रकाना सगळ्यात भरलेला असायचा : शेतकरी, महिला, आदिवासी, आत्मनिर्भरता, सगळे एका परिच्छेदात. त्या जागी दुसरं विचारा. तुम्हाला नेमकं काय माहीत नाही? जगात कुणालाच माहीत नाही, की फक्त तुम्हाला? कुठला निकाल आला तर तुमची कल्पना चुकली असं तुम्ही मान्य कराल? हा शेवटचा प्रश्न हिलला विचारला असता तर त्यानं एका ओळीत उत्तर दिलं असतं. पोकळ अर्जाला तो भरता येत नाही, मी वर्गात करून पाहिलं आहे.

आणि ‘समाजोपयोगिता’ लिहायचीच असेल तर ती निधी देणाऱ्या संस्थेनं लिहावी, दर वीस-पंचवीस वर्षांनी, आपण दिलेल्या सगळ्या पैशांची मिळून. पाचशे प्रकल्पांपैकी चारशे सत्तर वाया गेले असं त्यात आलं तर तेही छापावं. लोकांना हिशेब हवा असतो. त्यांना एकेका पोराकडून भविष्य नको असतं. तोवर एवढं तरी करावं की हप्ता ऋतूच्या आधी यावा. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या पोरांची शिष्यवृत्ती, २०२३ पासून महिन्याला ३७,००० आहे, ती वाईट नाही, पण ती सहा-सहा महिने तुंबते तेव्हा खोलीचं भाडं तुंबत नाही.

आमच्या कालवांचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. मूळ अर्जातल्या दोन पावसाळ्यांपैकी एकच हाती लागला. गोड्या पाण्यात आवळ कमी होते असं दिसलं, पण एका ऋतूच्या आकड्यांवर छापायला आम्ही धजलो नाही. आजीला मात्र आधीच माहीत होतं, तिनं विशेष काही वाटून घेतलं नाही. मार्चअखेर यूसी, म्हणजे पैसे कसे खर्च झाले याचा दाखला, पाठवायला बसलो तेव्हा शेवटच्या पानावर आणखी एक रकाना निघाला, ‘प्रत्यक्ष लाभार्थ्यांची संख्या’.

‘सर, काय लिहू?’

मी विचार करत होतो.

‘कालवं धरू का यात? एकशे ऐंशी होतात.’